वायफायला वरच्या पायरीचा मान

मंडळी, दुपारी माझी ऑनलाइन मुलाखत होती आणि सकाळपासून लॅपटॉपवर वायफाय रखडत होतं. मागच्या आठवड्यापर्यंत आमच्या मल्लेश्वरमच्या याच घरात नेट धावत होतं. मग बिघडलं काय?

राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉप अपडेट केला. काही फरक नाही. शेवटी लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरले. हॉलच्या कोपऱ्यात, राउटरपाशी, वेग छान. माझ्या खोलीत मात्र काहीच नाही. मध्ये नवीन काय आलंय, तर इकडच्या कानडी रीतीने नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्या.

पायऱ्यांवरच्या चादरीची कड उचलली. खाली एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, आणि त्यांच्यामागे आमचा राउटर कोंडलेला.

"अक्का, ट्रंका स्वल्प सरकवू का?" मी सासूबाईंना विचारलं.

"दशमीपर्यंत मांडलेलं हलवायचं नाही गं. त्यालाच वर बसव."

राउटर सगळ्यात वरच्या पायरीवर, राजा-राणीच्या बाहुल्यांशेजारी बसवला. मुलाखत एकदाही न अडकता पार पडली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकूंनी राजा-राणीबरोबर त्यालाही फूल वाहिलं. मी त्यांना हळदीकुंकू लावलं.

तुम्ही असता तर थांबवलं असतं का?