नवीच गाडी चांगली म्हणणारा माझा भाऊ

"तुझा भाऊ गेला," एवढंच वहिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. दुपारचे अडीच वाजले होते, मी नारळ खवत होते. 'हे गेले' नाही, 'एझ्रा गेला' नाही... तुझा भाऊ. पस्तीस वर्षांचा संसार झालेली माझी लीयावहिनी नवऱ्याला माझ्या पदरात परत टाकून मोकळी झाली होती. रिक्षा करून पोचले तर दादा हॉलमधल्या खुर्चीतच होता, जेवण झालेलं, पाय पुढे पसरलेले. हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. संध्याकाळी इस्रायलहून त्याच्या मुलाचा, जोएलचा, फोन आला. "आत्या, तीन आठवड्यांपूर्वी तू बाबांना गाडीवर बसवलंस. तू मारलंस त्यांना." त्या दिवशी नाही बोलले, आज बोलते.

पाच आठवडे झाले. भेटायला जो येतो तो एकच पालुपद लावतो: जुन्या गाड्यांचा काय दर्दी होता हो एझ्रा! अहो, कुठला दर्दी? माझ्या भावाला जुन्याचं काडीचं कौतुक नव्हतं. एकाच स्पोर्ट्स बाइकची तीन मॉडेलं त्यानं वीस वर्षांत घेतली (कंपनीचं नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला), आणि तिसरीवर बसून आल्यावर छातीठोकपणे म्हणाला की पहिली दोन आता भंगारात घाला. पनवेलमध्ये गाडीवाल्यांचा एक अड्डा आहे, चहाच्या टपरीपाशी. तिथे सगळे जुन्याचे भक्त. जुन्या गाडीचा आवाज, जुन्या गाडीचं लोखंड, जुनं ते सोनं. दादा त्यांना म्हणायचा, "सोनं असेल तर गळ्यात घाला की. चालवता कशाला?" असा माणूस मेल्यावर त्याला 'जुन्याचा दर्दी' करून टाकायचं, म्हणजे त्याच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबायचे. मी नाही कोंबू देणार.

आता माझा या सगळ्याशी काय संबंध, तर मी त्याचं वजन होते. खरंच सांगते. दादा द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कागदपत्रं तपासायचा, आणि तपासायचं म्हणजे सगळ्याला एकच माप, हे त्याच्या रक्तात भिनलं होतं. गाड्यांची तुलना करायची तर रस्ता तोच हवा, हवा तीच हवी आणि मागे बसणारं माणूसही तेच हवं. वहिनीला वेगाची भीती, म्हणून मागे मी. दुसऱ्या गाडीच्या वेळेपर्यंत मी बारा किलोंनी वाढले होते, तर या गृहस्थानं मला काट्यावर उभं केलं आणि कपाळावर हात मारला. "रूथ, तू माझा प्रयोग बुडवलास!" बहिणीला कुणी असं बोलतं? तो बोलायचा.

रस्ताही ठरलेला. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी ज्यू. घरात काही चांगलं घडलं, नवं काही आलं, की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आमच्या एलियाहू प्रेषिताच्या, नावानं मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आणि जमेल त्यानं तो घेऊन अलिबागजवळच्या खंडाळ्याला जायचं. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाची चाकं उमटली आहेत अशी आमच्या लोकांची श्रद्धा. दादा त्या खुणेवर बोट ठेवून म्हणायचा, "बघ, खडकावर चाकोरी उठली म्हणजे गडी काय स्पीडनं गेला असेल! आणि हे मला म्हणतात, हळू चालव." तर प्रत्येक नवी गाडी पनवेलहून खंडाळ्याला न्यायची, मागे मी, माझ्या मांडीवर मलिद्याचा डबा. डबा किती हलला, झाकण सरकलं का, हे मी सांगायचं. त्याच्या वहीत 'मलिदा' असा एक वेगळा रकाना होता.

पहिली गाडी कार्ब्युरेटरची. थंडीत चोक ओढून पाच मिनिटं तिची मनधरणी करायची, मग बाईसाहेब निघणार. पुढे डिस्क, मागे साधा ड्रम ब्रेक. सीट मात्र लांब आणि मऊ, मला फार आवडायची. कर्नाळ्याच्या वळणावर एक कुत्रं आडवं आलं, दादानं ब्रेक दाबला, मागचं चाक जाम झालं आणि आम्ही दोघं आडवे. माझं कोपर सोललं, दादाचा गुडघा. डबा फुटून सगळा मलिदा रस्त्यावर, आणि अभयारण्यातली माकडं आमंत्रण असल्यासारखी पंगतीला आली. मी रडत होते. रिकामा डबा घेऊनच आम्ही खंडाळ्याला गेलो. दादा खडकासमोर उभा राहून म्हणाला, "घेतला ना एलियाहूनं? माकडांच्या हातून घेतला." आजही टपरीवर कुणी त्या मॉडेलचं गुणगान गायला लागलं की माझं कोपर ठणकतं.

दुसरी आली तेव्हा पेपरात पानभर जाहिरात. दादानं ती उघडून पाहिली आणि भडकलाच. फ्युएल इंजेक्शन आलं होतं, चोक गेला होता, मागेही डिस्क आली होती, पण आत इंजिन तेच आणि वर नुसते भडक स्टिकर. "जुन्याच नवरीला नवा शालू," म्हणाला. झाकण दोनदा सरकलं, अशी मी नोंद दिली. तरी वहीत त्यानं लिहिलं: पहिलीपेक्षा बरी. मी म्हटलं, मला पहिलीच बरी वाटली, सीटसाठी. "तुला सीट दिसते, मला थांबणं दिसतं," म्हणाला. त्यावरून आमचं दोन दिवस बोलणं बंद.

मग गेल्या वर्षी त्याचं हृदय कमजोर झालं. पंपिंग कमी झालं. डॉक्टरांनी दुचाकी बंद केली, स्कूटरसुद्धा. वहिनीनं दोन्ही गाड्या विकायला लावल्या आणि दादा सात महिने त्या खुर्चीत बसला. औषधं, बिनमिठाची आमटी, खिडकी. मी जायची तेव्हा तो रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकून मॉडेल ओळखायचा... वाघासारखा माणूस, मीठ मागायलाही आवाज निघेना. अशात तिसरं मॉडेल बाजारात आलं. पाण्यानं थंड होणारं इंजिन, सहा गिअर, दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक कितीही दाबला तरी चाक जाम होत नाही. दादानं कुणाला न सांगता बुक केलं. मला मात्र सांगितलं.

गाडी दारात आली ती शुक्रवारी, दिवेलागणीला. म्हणजे आमचा शब्बाथ सुरू व्हायच्या तोंडाशी. तेव्हापासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत काम नाही, गाडी नाही, गाडीच्या चावीला हातही नाही. आमच्यात सगळेच इतकं कडक पाळत नाहीत, वहिनी पाळते. वहिनीनं गाडी पाहिली, दादाला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि तेवढ्यात दिवे लावायची वेळ झाली. चावी टेबलावर तशीच. शब्बाथात ती कुणीच उचलणार नाही याची तिला खात्री, आणि शनिवारी तीन तारे दिसले की स्वतः उचलून लपवायची हे ठरलेलं. अख्खा शनिवार दादा खिडकीतून गाडीकडे बघत बसला, आणि वहिनी दादाकडे. संध्याकाळी मी तिथेच होते, ती आत शब्बाथ संपवायच्या प्रार्थनेची तयारी करत होती. म्हणाली, "रूथ, गॅलरीत जाऊन बघ गं, तारे दिसले का." गेले. एक, दोन, तीन. स्वच्छ दिसले. मी आत आले, चावी उचलून पर्समध्ये टाकली आणि मग हाक मारली, "दिसले गं वहिनी!" वहिनी बाहेर आली, टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तशीच आत वळली. हो, मी घेतली. शुद्धीत घेतली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मागची सीट म्हणजे उंच पाट, माझे गुडघे माझ्याच कानाशी. मी शिव्या घालत होते आणि दादा हसत होता, सात महिन्यांनी. कर्नाळा गेलं, पेण गेलं. वडखळच्या पुढे एक गाय अचानक मधोमध आली. दादानं दोन्ही ब्रेक करकचून दाबले आणि गाडी सरळ रेषेत, जागच्या जागी थांबली. ना घसरली, ना वाकडी झाली. गायीनं आमच्याकडे बघून रवंथ केला. डब्याचं झाकण जागचं हललं नव्हतं. दादा हेल्मेट काढून भर रस्त्यात ओरडला, "बघितलंस? बघितलंस रूथ? याला म्हणतात गाडी!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, सीट भिकार आहे. म्हणाला, "लिही, सीट भिकार. बाकी सगळं पास."

तीन आठवड्यांनी तो गेला. त्या रविवारामुळे गेला असेल? मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले सांगता येत नाही. मग मीही सांगत नाही. पण जोएल म्हणतो, आईची माफी माग. नाही मागणार. मला रडू येतं, झोप लागत नाही, दादा गेल्यावर मला कुणी 'वजन' म्हणणारं उरलेलं नाही, हे सगळं खरं. तरी चुकले असं मी म्हणणार नाही.

दादाच्या महिन्याच्या प्रार्थनेला गेले तेव्हा वहिनी लोकांशी बोलली, माझ्याशी नाही. लोक गेल्यावर मी चपला घालत होते, तर म्हणाली, "चल खाली." वाटलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खाली नेऊन बोलणार. पार्किंगमध्ये गाडी स्वच्छ पुसलेली. वहिनीनं, वेगाला घाबरणाऱ्या माझ्या वहिनीनं, साडीचा पदर खोचला, बाजूला उभी राहून बटण दाबलं आणि गाडी सुरू केली. "रोज दहा मिनिटं. शनिवार सोडून," म्हणाली. "हिला किक नाहीये. बॅटरी उतरली की संपलं, असं हे म्हणाले होते."

ती पुढे म्हणाली, "त्या रविवारी आल्यावर यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. सात महिने मी हातापाया पडत होते, एक संपत नव्हती... तुझा राग त्याचा आहे मला. मारलंस म्हणून नाही."

इंजिन चालू होतं. मी म्हटलं, "जोएल गाडी विकायला सांगतोय."

"विकायची नाही," वहिनी म्हणाली. "पण ते तू सांग त्याला. नाहीतरी त्याच्या लेखी वाईट तूच आहेस."

मी तिथूनच फोन लावला. जोएल म्हणाला, आत्या, मागे कसला आवाज येतोय?