कसंतरी म्हणजे नेमकं कसं

गल्लीत त्यांना सगळे जर्मनबाई म्हणत. बाईंनी जर्मनी फक्त नकाशात पाहिली होती, पण तीस वर्षं इंग्रजीचं जर्मन करून घर चालवलं, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलं. कामही असं की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा: धोक्याच्या घंटांच्या पाट्या, बंद पडलेल्या लिफ्टमधल्या सूचना, आगीच्या वेळचे नियम. माणसं घाबरून जे वाचणार, ते बाई थंड डोक्याने लिहीत.

पॅनिक, अलार्म, फ्राइट हे शब्द बाई डिक्शनरीत बघून उतरवत नसत. दचकण्याला जर्मनमध्ये एक शब्द, धास्तीला दुसरा, छाती आवळण्याला तिसरा. नेमका कोणता घ्यायचा ते माणसांनाच विचारावं, असा त्यांचा हट्ट. भेटेल त्याला धरायच्या. "घाबरलात तेव्हा कुठे काय झालं?" शिंप्याने सांगितलं, गुडघ्यांचं पाणी झालं. पोस्टमन म्हणाला, कुत्रा दिसला की जीभ कोरडी पडते. धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, मला तुमच्या प्रश्नांचीच धडकी भरते." बाईंनी तेही लिहून घेतलं. एकेका चिठ्ठीवर एकेक भीती, उजव्या कोपऱ्यात जर्मन शब्द, आणि चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात.

नवरा जमीन मोजणारा. इतर लोक बाईंचे प्रश्न टाळायचे, हा मात्र मन लावून, फुटा-इंचात उत्तरं द्यायचा. तो गेल्याला वर्ष झालं होतं. बाईंना रडू आलं नव्हतं. त्या वेळेवर जेवत, वेळेवर झोपत, आणि लोक म्हणत, बाई खंबीर आहेत. खंबीर कसल्या, आत काही हलतच नव्हतं.

हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं काम सध्या हातात होतं. पेशंटने आपल्याला काय होतंय ते सांगणारा शब्द यादीतून निवडायचा. एकेचाळीस शब्दांपैकी चाळीस गेले, छातीतल्या अस्वस्थपणाचा एक तीन आठवडे अडून बसला होता. शनिवारी दुपारी लेक आली, तिने आईचा कोरा कागद पाहिला आणि बिस्किटांचा डबा पुढ्यात ओढला.

"छातीचं काही असेल की यात. मी बघते."

बाईंना डबा काढून घेता आला असता. "बाबा शेवटी काय म्हणाले?" असं लेकीने वर्षभर विचारलं होतं, आणि "काही नाही, पटकन गेले," असंच उत्तर तिला मिळालं होतं. खरं कळलं तर ही पुन्हा घरात पाऊल टाकणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्याची भीतीसुद्धा वाटत नव्हती, नुसतं ठाऊक होतं.

तळाची चिठ्ठी लेकीच्या हाती लागली. "बारा दहा. छातीत कसंतरी. मधोमध, चार बोटं रुंद. दाबलं तरी तेवढंच. डाव्या हाताला मुंग्या. हे म्हणतात, लिहून घे, कामाला येईल." उजवा कोपरा कोरा होता.

"हे बाबा?"

"हो. दारात उभे राहून म्हणाले, कसंतरी होतंय. मी विचारलं, कसंतरी म्हणजे नेमकं कसं?"

"आणि लिहीत बसलीस?"

"बसले. बारा चौदाला डॉक्टरांना फोन केला."

त्या चार मिनिटांबद्दल बाईंनी डॉक्टरांना कधी विचारलं नव्हतं, कारण त्यांनी उत्तर दिलं असतं. लेकीचे डोळे भरून आले होते. बाई ते बघत होत्या, आणि पाणी द्यावं का, एवढाच विचार त्यांच्या मनात आला.

"आई, आत्ता तुला कुठे काय होतंय?"

प्रश्न बाईंचाच होता, म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे शोधलं. गुडघे पाहिले, जीभ पाहिली, छातीवर हात ठेवून पाहिला.

"कुठेच काही होत नाही गं. वर्ष झालं."

कुठेच नाही म्हणजे नेमकं कसं, हे लेकीने विचारलं नाही. तिने चिठ्ठी खाली ठेवली, फोन उचलला आणि आईसाठी डॉक्टरांना लावला.