धाकटीचं प्रोटीन

आईला कॅन्सर निघाल्यापासून ती पूर्णा गावी माझ्याकडेच होती. केमोसाठी रेल्वेने नेणारी मी, रात्री-अपरात्री तिच्या उलट्या साफ करणारी मी, आणि आईच्या तोंडी सदानकदा धाकटी. धाकटी म्हणजे माझी बहीण. ती पुण्यात प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करते. मीही शाळेत विज्ञानच शिकवते, पण ते आमच्या घरात कुणी जमेस धरतच नाही.

दिवाळीत ती आली. आईच्या पलंगावर मांडी ठोकून सांगू लागली, की उष्णता, उपासमार, विष असं काही संकट आलं की पेशी खास प्रोटीनं बनवते. लग्नघरात गोंधळ उडाला की चार जाणत्या बायका सगळं सावरून धरतात, तशी ही प्रोटीनं पेशीतल्या इतर प्रोटीनांना सावरतात. कॅन्सरची पेशी लबाड. ती यांचा भरमसाट साठा करते आणि औषधाच्या माऱ्यातूनही तगून राहते. आई आ वासून ऐकत होती. मी बोलायला लागले की हिला जांभया येतात! माझा नुसता जळफळाट झाला.

धाकटी पुण्याला परतली आणि दुसऱ्याच दिवशी आईने वरणाची वाटी बाजूला सारली. अंडंही नको म्हणाली.

"प्रोटीन खाल्लं की त्या रोगालाच बळ यायलंय. धाकटी म्हनली न्हाई का?"

"अगं, खाल्लेलं पोटात पचून जातं. ती प्रोटीनं पेशी स्वतः बनवते. तू नाही खाल्लंस तर तूच खंगशील."

"तुला काय ठावं? ती त्यातलीच हाय."

मग नुसता भात आणि लोणचं. वजन उतरत गेलं. असंच चाललं तर पुढची केमो देता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शेवटी नाक मुठीत धरून मी धाकटीला फोन लावला. तिने आईला अगदी माझंच बोलणं ऐकवलं. एरवी फोनला सवड नसलेली ती वर म्हणाली, "आता मी रोज संध्याकाळी फोन करून विचारणार, काय काय खाल्लंस ते."

फोन ठेवल्याबरोबर आई वरण-भात कालवायला बसली. मी भडकले.

"हेच तर मी इतके दिवस ओरडून सांगत होते ना!"

आईने शांतपणे घास गिळला.

"व्हय की. तुझं बरोबर हाय, ते मला पैल्याच दिवशी कळलं व्हतं. पन तुझं ऐकलं असतं, तर तिचा फोन कशाला आला असता?"