डोलीच्या मागच्या टोकाला

गेली काही वर्षं मी महाडला राहतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याची नोकरी करतो. माझं गाव बुलढाण्याकडे, म्हणजे इथून अख्खा दिवस आणि वर थोडा प्रवास. इथले लोक मला घाटी म्हणतात. सैन्यात होतो हे कळल्यावर फौजी म्हणायला लागले. मला दोन्ही चालतं.

दहावीला काठावर पास झालो आणि शाळा सोडून भरती झालो. तिथे मी ड्रायव्हर होतो. वर बर्फातल्या चौक्यांना रसद पोचवणाऱ्या गाड्यांच्या रांगेत माझी गाडी असायची. एकदा माझ्या पुढची गाडी वळणावर वळली, आणि मी वळणाच्या पलीकडे पोचलो तेव्हा तिथे गाडी नव्हती. रस्ताही नव्हता. खालून नदीचा आवाज तेवढा येत होता. त्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर मी सकाळी एकाच मगातून चहा प्यालो होतो. याहून जास्त ते मला कधी सांगता आलं नाही, अजूनही येत नाही.

नोकरी पुरी केली, पेन्शन घेऊन घरी गेलो, आणि खरं तर तिथेच सगळं सुरू झालं. पुढे चाललेलं माणूस वळणाआड गेलं की माझे पाय आपोआप धावायचे. मुलगी शाळेला निघाली, गल्लीच्या कोपऱ्यावरून वळली, की मी चपला न घालता तिच्या मागे. ती दिसली की परत. पहिल्यांदा हसली. मग तिच्या मैत्रिणी हसायला लागल्या. एक दिवस ती आत आईला म्हणाली, "बाबाले सांग ना वं, मागं मागं येऊ नको म्हणा." मी ओसरीवरच होतो, मला ऐकू आलं. त्या संध्याकाळी बायको जवळ येऊन बसली. म्हणाली, "काही दिवस कुठी कामाले जा. तुमचा जीव रमंन, अन् पोरगीही मोकळी होईन." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

एका जुन्या सोबत्याच्या ओळखीनं महाडची नोकरी मिळाली. गेटवर एक बरं असतं, माणसं पुढ्यातून जातात, वळणाआड जात नाहीत. पण सुट्टीचा दिवस खायला उठायचा. खोलीत बसवत नसे. मग सकाळी एसटी धरायची, पोलादपूरला उतरायचं, उमरठच्या गाडीनं पुढे जायचं आणि कुठल्या तरी डोंगराला पाय लावायचे. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दमलो की तेवढा वेळ डोकं गप्प राहायचं.

असाच एकदा चढत होतो. समोरून चार माणसं डोली घेऊन उतरत होती. त्या डोंगरावर धनगरांची एक वाडी आहे, अजून तिथे रस्ता गेलेला नाही. कुणी आजारी पडलं की लांब बांबूला घोंगडी बांधून झोळी करतात, माणसाला तिच्यात निजवतात आणि खालच्या सडकेपर्यंत खांद्यावरून आणतात. बांबूच्या पुढच्या टोकाला एक जण, मागच्या टोकाला एक, बाकीचे बदलीला. त्या दिवशी झोळीत एक म्हातारा होता, तापानं फणफणलेला. खांदेकरी दमलेले दिसले. मी न विचारता पुढच्या टोकाखाली खांदा दिला.

आणि चूक केली. सवयच तशी. मी मागच्याला म्हटलं, "कदम मिला के चलो," आणि एक-दोन, एक-दोन सुरू केलं. तो बिचारा माझ्या पावलाला पाऊल जुळवायला लागला. दहा-वीस पावलांत झोळी अशी हेलकावायला लागली की विचारू नका.

आतून म्हातारा ओरडला, "कोन रे तो पलटनीतला? मला काय पाळन्यात घातलाय? व्हकारी येतेय ना."

सगळे हसले. वाडीतले एक वयस्क गृहस्थ बरोबर होते, त्यांना सगळे आबा म्हणत. ते म्हणाले, "फौजी, डोलीला परेड चालत नाय. पुढच्याचा डावा पडला की मागच्याचा उजवा पडाया पायजे. दोघांची पावलं जुळली की झोळी झुलते, आनि झुलली की दोघांना घेऊन जाते."

आयुष्यभर पावलं जुळवलेल्या माणसाला ती मोडायला शिकवणं सोपं नव्हतं. पण आबांनी शिकवलं. गुडघे थोडे वाकते ठेवायचे, पाऊल आखूड टाकायचं, बांबू मानेला लागू द्यायचा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हाळी. मागच्याला वाट दिसत नाही, त्याच्या डोळ्यांपुढे झोळी असते. म्हणून पुढच्यानं सांगत राहायचं, दगड, पाणी, पायरी, वळण. मागच्यानं प्रत्येक वेळी "हां" म्हणायचं. "हां" आला नाही तर पुढचा जागेवर उभा राहतो. तो मागे वळून बघत नाही, बघूही शकत नाही.

मी पुढे चालायला शिकलो. हाळीही बरी देत असे, माझं हिंदी-मराठी ऐकून वाडीतल्या बायका हसायच्या. सुट्टी पाहून ते मला फोन करायला लागले. वरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळमाळावर, एका खडकापाशी रेंज येते, तिथून कुणी तरी ओरडत बोलायचं, "फौजी, हायस का रे?" मी असायचो. साप चावलेला गुराखी, पाय मोडलेली म्हातारी, कोण कोण उतरवलं. वाडीत मला भाकरी मिळायची, आंबाडीची भाजी मिळायची, आणि कुणी काही विचारायचं नाही. या न विचारण्याचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

पण मागच्या टोकाला मी कधी गेलो नव्हतो. बदली करायची वेळ आली की मी बरोबर पुढे सरकायचो. आबांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा चहा पिताना म्हणाले, "फौजी नवरदेवावानी पुढं पुढंच बघा." मी हसलो. कारण सांगितलं नाही.

मग या पावसाळ्यात आबांचा फोन आला. सुनेचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तिथे दारात गाडी येते. या खेपेस ती सासरीच होती, नवरा मुंबईला गोदामात कामाला. वाडीतले बाकीचे बाप्ये कुणी भाताच्या लावणीला खाली गेलेले, कुणी मुंबईत. आबा म्हणाले, "सुट्टी असंल तर ये. नसंल तरी बघ काय जमतंय."

मी पोचलो तेव्हा कळा सुरू झाल्या होत्या. सड्यावरून अँब्युलन्सला फोन गेला होता, ती सडकेवर येऊन थांबणार होती. डोली बांधून तयार. उचलायला आम्ही तिघंच, आबा, त्यांचा धाकटा मुलगा आणि मी. सासूबाई कपड्यांचं गाठोडं आणि छत्री घेऊन बरोबर. आदल्या आठवड्यात दरड घसरून जुनी वाट तुटली होती. नवी वाट त्या बापलेकांनाच ठाऊक. पुढे आबा राहिले, मागे मुलगा, मी बदलीला. धुकं एवढं होतं की आबांच्या डोक्यावरची घोंगडी दिसे आणि पुन्हा पुसली जाई. सून आधी गप्प होती. मग कण्हायला लागली. सासूबाई म्हणत होत्या, "धीर धर गो, आली सडक." सडक आली नव्हती.

अर्ध्या वाटेत मुलाचा पाय शेवाळावरून सटकला. डोली सावरली त्यानं, पण घोटा मुरगळला. तो एका पायावर उभा राहिला आणि माझ्याकडे बघायला लागला.

मी म्हणालो, "आबा, मी पुढे येतो. तुम्ही मागं जा."

"आनि वाट तुझा बाप दावील?" आबा शांतपणे म्हणाले. "मागं लाग."

मी मागे लागलो, मुलगा लंगडत सासूबाईंच्या मागून. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

थोडा वेळ जमलं. "दगड." "हां." "पानी हाय, डावीकडनं." "हां." माझं लक्ष सगळं कानात. मग कड्याला वळसा घालणारी वाट आली, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं. आबा म्हणाले, "वळतो रे," आणि खडकाआड गेले. बांबूचं पुढचं टोकही गेलं. खालून ओढ्याचा आवाज येत होता.

माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. तोंडातून "हां" निघेना. पलीकडे आबाही उभे राहिले असणार, कारण बांबू ओढायचा थांबला. डोली खाली ठेवायला तिथे जागा नव्हती. खांद्यावरचं ओझं तसंच, आणि त्या ओझ्यात दोन जीव. मला ते कळत होतं. कळूनही पाय हलत नव्हते. पलीकडे गेलो की तिथे कुणी नसणार, एवढंच डोक्यात.

झोळीतून आवाज आला. "दादा, उभं का ऱ्हायलात?"



उतारावर डोलीत पाय पुढे आणि डोकं मागे असतं. तिचं डोकं माझ्यापुढे हातभर अंतरावर होतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं असावं. काय दिसलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "आबा हायेत तिथंच. मला दिसतायत. डोईवर घोंगडी हाय, पाय फाकवून उभं हायेत, माझीच वाट बघतायत. तुमी पाऊल टाका, मी सांगते."

मग कळ आली असावी, ती दात खाऊन गप्प झाली. कळ गेल्यावर म्हणाली, "पलटनीतला मानूस ना तुमी? मग काय मला हितंच बाळंत करताय?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "अगो, गप ऱ्हा."

मी पाऊल टाकलं. ती सांगत राहिली. "पुढं पायरी. आता मोकळं हाय. आबा हायेत. दगड हाय डावीकडं, थोरला. आबा हायेत." कळ आली की थांबायची, गेली की पुन्हा तिथून सुरू. प्रत्येक दोन गोष्टींमागे "आबा हायेत" म्हणायची. तिला कुणी सांगितलं होतं? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं. खडक संपला तेव्हा धुक्यात घोंगडी दिसली. मी "हां" म्हणालो, फार मोठ्यानं म्हणालो बहुतेक, कारण आबा म्हणाले, "बहिरा नाय मी."

अँब्युलन्स सडकेवर होती. ती पोलादपूरला पोचली आणि थोड्या वेळात मुलगी झाली. मी सडकेच्या कठड्यावर बसलो होतो, आबांनी तंबाखूचा बार माझ्यापुढे केला. मी खात नाही, त्या दिवशी घेतला.

हे मी बायकोला फोनवर सांगितलं. तिनं बाळाचं वजन विचारलं. मग म्हणाली, "दिवाळीले येता का?" बघतो म्हणालो. मला अजून खात्री नाही. गल्लीचा तो कोपरा तिथेच आहे, आणि मुलगी आता आणखी मोठी झाली असेल.

बाळंतीण घरी यायला निघाली तेव्हा आबांनी पुन्हा बोलावलं. पाऊस उघडला होता. तिला चालायला नको म्हणून डोलीतूनच वर न्यायचं होतं, लेक कुशीत. आबांनी विचारलं नाही, नुसतं मागच्या टोकाकडे बोट केलं. मी गेलो.

मला वाटलं होतं, ती सांगेल. पण चढ सुरू झाला तशी ती झोपली. दमली होती. लेक मात्र जागी होती, झोळीच्या कडेनं एक मूठ बाहेर काढून. ती काय सांगणार.

कड्याची वाट आली. आबा म्हणाले, "वळतो रे."

ते दिसेनासे झाले. मी जरासा थांबलो.

"हां," मी म्हणालो, आणि उजवं पाऊल टाकलं.