फादर उपाशी गेले

आमच्या वाडीत दोन चर्च आहेत असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. पुढचं घंटेचं, ख्रिस्ती लोकांचं. मागचं चुलीचं, नर्मदाकाकीचं. पुढच्यात गर्दी रविवारी व्हायची. मागच्यात रोज दुपारी, आणि तिथे कोण कुठल्या घरातला हे कुणी विचारत नसे. लहानपणी मी या दुसऱ्या चर्चचा नेमाने जाणारा भक्त होतो.

नर्मदाकाकी आमची शेजारीण. नवरा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. फादर कायतान तेव्हा नवीनच बदलून आले होते आणि स्वतःच्या हातचा करपलेला भात खाऊन वाळत चालले होते. त्यांनी काकीला विचारलं, “जेवण करशीत काय गो?”

“मी हिंदू,” काकी म्हणाली.

“मी बांगड्याक खंय धर्म विचारतंय?”

झालं. काकी त्या चुलीशी उभी राहिली ती अगदी परवापरवापर्यंत. देवळातली पालखी तिने कधी चुकवली नाही. कपाळावर बारीक कुंकूही ठेवलं, तेही फादरांच्या सांगण्यावरून. “लाव गो, कोणाच्या बापाचा काय जाता?” असं एक धर्मगुरू म्हणाल्यावर वाडीतल्या बायकांनाही फार बोलता आलं नाही.

रापण लागली की फादर झगा खोचून किनाऱ्यावर हजर. आमच्याकडे जाळ्याच्या दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळतो. फादरांचं ओढणं म्हणजे दोरीला धरून चालणं, पण वाटा पुरा. तो घेऊन ते ऐटीत स्वयंपाकघरात येत आणि काकी कल्ले उघडून बघे. “बायबल वाचूक येता, मासो वाचूक येणा नाय तुमका. ह्यो कालचो.”

“आजचो गो! माझ्यासमोर काढल्यानी.”

“मगे समुद्रातच शिळो झालो आसतलो.”

मग फादरांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. गोव्याच्या इस्पितळातून ते नाकात नळी घालून परत आले. नळीतून फक्त पावडरीचं दूध द्यायचं. ज्या बाईने या माणसाला आयुष्यभर ‘आणखी एक घास’ म्हणून छळलं, तिच्या हातात सिरिंज आली.

काकीने चूल बंद केली नाही. रोज बांगड्याचं तिखलं शिजवायची आणि गरम टोप फडक्यात धरून त्यांच्या उशाशी न्यायची. फादर डोळे मिटून वास घ्यायचे आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचे, “तिरफळा जास्ती झाली.” काकी खूश व्हायची. तिरफळं जास्त झालेली नसायची.

आंबे उतरायच्या दिवसांत एका दुपारी त्यांनी विचारलं, “आज काय?”

“सुंगटां.”

“एक दी.”

डॉक्टरांनी बजावलं होतं, घास श्वासनलिकेत गेला तर संपलं. काकीने कोळंबीचा टोप झाकला. “उद्या बघूया,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा सावकाश वाजू लागली, तशी माणूस गेल्यावर वाजते.

दफनाच्या वेळी बाहेरून आलेल्या एका फादरांनी सांगितलं, फादर कायतान आता प्रभूच्या घरी मेजवानीला बसले आहेत. सगळ्यांच्या मागे उभी असलेली काकी माझ्या कानाशी आली. “पयल्या पंगतीत बसवल्यानी आसतले मा रे?”

“तर! वशिलो आसा तेंचो,” मी म्हटलं.

ती हसली. मला वाटलं, सावरली. पण त्या दिवसानंतर काकीने जेवणं सोडलं. व्रत वगैरे नव्हतं. ताटावर बसायची, घास तोंडापर्यंत न्यायची आणि परत ठेवायची. “नाय जाणा रे, गुरू. हडेच अडाकता,” असं मला सांगत गळ्याला हात लावायची. “एक सुंगट मागल्यानी हुता. एक. मी टोप झाकलंय. फादर उपाशी गेले रे.” वाटीभर पेजेवर दिवस काढायची. पावसाळा संपेपर्यंत तिचे हात तांदूळ धुवायच्या रवळीच्या काड्यांसारखे झाले. डॉक्टरांनी तपासलं, गळ्यात काही नाही म्हणाले. टॉनिक दिलं. ते तिने मांजराच्या ताटलीत ओतलं. मांजराची भूक वाढली.

मी पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो. दिसला नाही तर ‘आत्ताच बुडाला’ म्हणून वेळ मारून नेता येते. काकीपुढे तसलं काही चालेना.

म्हाळवसात, म्हणजे पितृपक्षात, तिने भटजींना विचारलं, फादरांच्या नावाने पान ठेवता येईल का. भटजींनी कूळ आणि गोत्र विचारलं, नातं विचारलं. “जेवण करी तेंचा,” काकी म्हणाली. एवढ्या नात्याची सोय पोथीत नव्हती.

मग ती नव्या फादरांकडे गेली. फादर विल्फ्रेड आजऱ्याकडचे, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे. ते समजुतीने म्हणाले, “काकी, स्वर्गात भूक नसते.”

“भूक नाय तर मेजवानी कित्याक घालतत?”

फादर विल्फ्रेडनी माझ्याकडे बघितलं. मी डॉल्फिन शोधू लागलो.

वाट काढली ती रोजामायने. ती चर्चमध्ये झाडलोट करते, फादरांची आणि काकीची भांडणं तिने उभा जन्म ऐकली. ती म्हणाली, “आमच्यात लग्नाच्या आधी भिकाऱ्यांका जेवण घालतत, घरातल्या मेलेल्यांच्या नावान. भिकाऱ्याच्या पोटात गेला म्हणजे तेंका पावला. फादरांच्या घरात लग्न खयचा? पण दोन नोव्हेंबरक मेलेल्यांचो दिस आसा. तेवा घाल.”

काकी त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसली. मग मला म्हणाली, “जा, भिकारी हाड.”

वाचणाऱ्याला हे सोपं वाटेल. आमच्या किनाऱ्यावर आता घर तिथे होमस्टे. गरीब म्हणवून घ्यायला कुणी तयार नाही. सत्यवान मेस्त्रीचं छप्पर दोन पावसाळे गळतंय म्हणून त्याला विचारलं, तर तो करवत घेऊनच उठला. “माका भिकारी म्हणतस, मेल्या?” मालवणच्या एसटी स्टँडवर एक म्हातारी बसते, तिला विचारलं. ती म्हणाली, “दोन तारखेक मी जत्रेक जातलंय. आधी सांगूक व्हया हुता.”

शेवटी बोटींवरचे नेपाळी खलाशी आणले. घर इतकं लांब की आई आजारी पडली तर बातमी फोनवर ऐकायची आणि जाळं ओढत राहायचं. भिकारी नव्हते, पण लाचारी होती. रोजामायने त्यांना नीट न्याहाळलं आणि “चलात,” म्हणाली.

दोन तारखेला संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लागल्या, आणि मागच्या पडवीत केळीच्या पानांची पंगत बसली. भात, सुंगटांची आमटी, सोलकढी. जेवणाआधी मेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची असते. खलाशांना ती कुठून येणार? ते हात जोडून गप्प बसले. तेव्हा पळी हातात धरून काकीनेच सुरू केली. इतकी वर्षं खिडकीतून ऐकलेली, अगदी फादरांच्या चालीत. देवाकडे भाकर मागायचं वाक्य आलं आणि ती थांबली.

“ह्या मागलंय मी,” ती म्हणाली. “तेंच्यासाठी रोज मागलंय. दिल्यान नाय.”

रोजामायने खालच्या आवाजात प्रार्थना पुढे नेली आणि संपवली. पोरं जेवली, भरपूर जेवली. एकाने तीनदा आमटी घेतली आणि आपल्या भाषेत काहीतरी आशीर्वादासारखं बोलून गेला.

पानं उचलल्यावर काकीने फादर विल्फ्रेडना गाठलं. “पावला काय ओ तेंका?”

मला वाटलं, आता परत मेजवानी निघणार. पण ते म्हणाले, “मला माहीत नाही, काकी.”

“मगे शिकलात काय इतकी वर्सां?”

“ते देवाकडे आहेत, आणि कधीतरी आपण त्यांना भेटणार, हे मी मानतो. ते मानून जगतो. पण हे सुंगट त्यांना पोचलं का, ते मला कळत नाही. असले पुष्कळ प्रश्न मी त्याला विचारतो. तो सांगत नाही.”

“माकाय सांगणा नाय,” काकी म्हणाली.

दोघंही पडवीच्या कडेवर बसली. पलीकडे वाऱ्याने मेणबत्त्या विझत होत्या आणि रोजामाय एकेक परत पेटवत होती.

“तुमी जेवलात?” काकीने विचारलं.

“नाही. तुम्ही जेवला नाहीत, मग मी कसा जेवू?”

“बरो पाद्री मिळालो,” म्हणत ती उठली. दोन पानं मांडली. त्यांना वाढलं, स्वतःला वाढलं, आणि स्वतःच्या पानातलं सुंगट नुसतं बघत बसली. मग उचललं. पहिला घास अडकला. तिने गळ्याला हात लावला, पाणी प्याली. फादर विल्फ्रेड हातातला घास तसाच धरून थांबले. मी दारात उभा होतो, माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि त्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

काकीने दुसरा घास घेतला. तो खाली उतरला की नाही, मला दिसलं नाही. तिने तिसरा कालवायला घेतला.