नावेच्या पोटातली फळी

माझ्या हातची वस्तू ढिली निघाली, असं औंढ्याच्या बाजारात कुणी म्हणून तर दाखवावं, अशी माझी त्या काळी मिजास होती. बैलगाडीचं चाक केलं तर सांध्यात नख शिरू द्यायचो नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाकं खुळखुळायला लागली की लोक ती डोहात टाकायचे. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि सांधे पुन्हा आवळायचे. म्हणजे पाण्यात लाकूड फुगतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याला अडाणीपणाची सबब देता येत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. धरणाच्या पाण्यानं जुनी वाट गिळली आणि पलीकडच्या काठावर दिलेली माझी अक्का एकाएकी लांबची झाली. वाटेनं जायचं तर सोळा मैलांचा वळसा, तोही पावसाळ्यात काळ्या चिखलातून. पाण्यावरून मात्र पाऊण तास. धरणावर कुणा साहेबानं हौसेनं आणलेली शिडाची छोटी नाव होती. साहेबाची बदली झाली, नाव राहिली. धरणाच्या कामावरचा एक खलाशी ती चालवायला शिकला आणि अडल्यानडल्याला पार करू लागला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. तो मला मिस्तरी म्हणायचा.

श्रावणात पाण्याखालच्या एका खुंटाला लागून नावेची फळी मोडली. उरलेला तुकडा खांद्यावर टाकून दादा माझ्याकडं आला. मी त्याच्याबरोबर काठावर जाऊन नाव पाहिली. तिच्या मधोमध एक अरुंद उभी पेटी होती, तळाला उघडी. तिच्यात फळी एका खिळ्यावर फिरायची. दोरी सोडली की खाली पाण्यात उतरायची, ओढली की वर यायची. वारा पाठीशी असला तर फळीचं काम नाही. वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर ती खाली हवीच, नाहीतर नाव आडवी सरकत राहते. हे सगळं दादानंच मला समजावलं. माझं ध्यान मात्र दुसरीकडंच. पेटीत हातभर पाणी उभं होतं.

"दादा, नावंच्या बुडाला भोक ठिवून तुमी फिरून राहिले?"

"पेटीत पाणी ऱ्हातंच मिस्तरी. तितकंच चढतं, वर येत न्हाई. तुमी फक्त फळी थोडी ढिली ठिवा."

"ढिलं काम माझ्या हातून व्हत न्हाई."

तो हसला. मला त्या हसण्याचा राग आला.

मी जुन्या बाभळीची फळी काढली, रंधली, खालच्या टोकाला वजनासाठी गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचा तुकडा ठोकला. पेटीत ती अशी बसवली की दोन्ही बाजूंनी लाकडाला लाकूड लागलं. पाण्यात फुगली की भोक आपोआप बंद होईल, असा माझा हिशेब. चाकाचं शहाणपण मी नावेला लावलं. काठावर दोनदा वरखाली करून दाखवली. थोडी घासत होती, पण उतरली. दादानं फळी वर ओढून बांधली, आणि पुढं नाव पाण्यात तशीच उभी राहिली.

आठवड्यानं मायनं अंथरूण धरलं. अन्न सुटलं, बोलणं सुटत चाललं. एकच धोशा, "अक्काला आना. तिच्या हातचं पानी तोंडात पडू द्या." बायकोला तिच्यापाशी बसवून मी सकाळीच दादाबरोबर निघालो. वारा पश्चिमेचा, पाठीशी होता. नाव सरसर गेली. अक्का होती तशी, पिठाच्या हातानं नावेत येऊन बसली.

परतताना वारा तोंडावर. दादानं दोरी सोडली. फळी उतरली नाही. त्यानं वरून दाबली, मी लाथ घातली, मग दगडानं ठोकली. इतके दिवस पाणी पिऊन ती पेटीत अशी फुगून बसली होती, की माझ्या आयुष्यातला तो सर्वांत घट्ट सांधा असावा. शीड भरायचं आणि नाव आडवी सरकून पुन्हा अक्काच्याच काठाला लागायची. तीनदा असं झालं. वल्हं एकच, त्या वाऱ्यापुढं त्याचं काही चाललं नाही. समोर आमच्या गावची झाडं दिसत होती.

अक्का दादावर उसळली. "असली फळी ठिवून मानसं काहून बसवता हो? माझी माय तिकडं वाट पाहून राहिली!"

दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "चुकलं ताई."

मी तोंड उघडलं नाही. भीती नव्हती ती, लाज होती. पण त्या घटकेला दोन्हींत काही फरक नव्हता.

आम्ही पायी निघालो. एक ओढा भरून वाहत होता, तो उतरेपर्यंत थांबावं लागलं. घरी पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची उन्हं वर आली होती. अंगणात माणसं बसली होती. माय पहाटे गेली. शेवटचं पाणी बायकोनं घातलं. दारात पाऊल वाजलं की माय डोळे उघडायची, असं ती म्हणाली.

मायचे दिवस चालू असतानाच दादानं फळी कशीबशी उपसून आणली आणि माझ्यापुढं ठेवली. सावलीत वाळली, तेव्हा मी दोन्ही अंगांना रंधा मारला. चार-चार हात, बस. पायाशी पडलेला भुसा मूठभरही नव्हता. एवढ्यासाठी माझी माय दाराकडं बघत गेली.

तेराव्यानंतर अक्काला पोचवायला काठावर गेलो. निघण्याआधी दादानं फळी सोडून पाहिली. ती सहज उतरली, सहज वर आली. अक्का बघत होती.

"ही तू केली व्हय?" तिनं मला विचारलं.

मी मान डोलावली.

तिनं फळीच्या कडेवरून हात फिरवला. डोळे भरून आले तिचे. "आधीच तुझ्या हातात दिली असती रे, तर माय भेटली असती मला."

दादा पाठ फिरवून शीड सोडत राहिला. मी नाव पाण्यात ढकलली.