चिखलात चालवायची नसलेली विंच

पाचोऱ्याच्या आसपासच्या गावांत मी सव्वीस वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून फिरते आहे. आधी मोपेडवर, मग मोटारसायकलवर, आणि गेली चार वर्षं एका जुन्या पिकअपमधून. गाडीच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून ती कुठेही जाते असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. त्या माणसानं आमची काळी माती कधी पाहिली नसावी. आषाढात ती माती टायरच्या खाचांत भरते, चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरायला लागतं, आणि चारही चाकं मिळून गाडीसाठी नीट खड्डा खणतात.

अशीच एकदा गाडी रुतली आणि मी एका अडलेल्या म्हशीपर्यंत वेळेत पोहोचले नाही. रेडकू पोटात आडवं होतं. शेत अर्ध्या कोसावर. दोऱ्या, आकडे, औषधांची पेटी असं सगळं खांद्यावर घेऊन मी चिखलातून चालत गेले तेव्हा पाऊण तास मोडला होता. म्हैस वाचली, रेडकू वाचलं नाही. म्हशीचे मालक वयस्कर आबा. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. हातांवर पाणी घालता घालता एवढंच म्हणाले, "तुमनी गाडी अजून तठेच शे ना?" मग त्यांनीच शेजारचा ट्रॅक्टर बोलावला. तो यायला अजून तासभर लागला. त्या तासात बांधावर बसून मी ठरवलं की आता विंच घ्यायची.

विंच म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलेलं, बॅटरीवर चालणारं दोर गुंडाळायचं यंत्र. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःला ओढत बाहेर येते. मला वाटलं, एका रविवारी जळगावला जाऊ आणि घेऊन येऊ. पण हे मी घरी बोलले, ही माझी पहिली चूक.

माझे यजमान हायस्कूलमधून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. गाडी चालवत नाहीत, कधी शिकलेही नाहीत. पण निवृत्तीनंतर त्यांना विषय मिळाला नव्हता, तो मी दिला. दोनशे पानी वही आली. मोबाईलवर कुठल्या कुठल्या वाळवंटातले आणि बर्फातले लोक गाड्या ओढताना दिसायला लागले. मी सकाळी भाकरी थापत असताना हे मागे उभं राहून मला पोलादी दोर आणि नायलॉनसारखा कृत्रिम दोर यांतला फरक सांगत. पोलादी दोर दगडावर घासला तरी टिकतो, पण तुटला तर चाबकासारखा उडतो. कृत्रिम हलका असतो, हाताला लागत नाही, पण ऊन आणि बारीक वाळू त्याला खाते. हे सगळं खरं होतं. पण ते मला रोज ऐकावं लागे, आणि दरम्यान मी आठवड्यातून दोनदा चिखलात उभी असे.

अखेर दोन महिन्यांनी आम्ही जळगावला गेलो. दुकान मोठं, काचेचं, आत गाड्यांचे दिवे न् सीटकव्हरं. दुकानदारानं यांना खुर्ची दिली आणि विचारलं, सर, गाडी कुठली? यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. दुकानदारानं पुढचा प्रश्न पुन्हा यांनाच विचारला. सर, कुठे कुठे जाता? यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. असं पाच-सहा वेळा झालं. मधेच त्यानं मला चहा विचारला. जणू मी नुसती सोबत म्हणून आले होते.

शेवटी त्यानं सगळ्यात मोठा आकडा छापलेली विंच पुढे ठेवली. बारा हजार पौंडांची ओढ. म्हणजे पाच टनांच्या वर, हे यांनी तोंडी हिशेब करून सांगितलं आणि दोघंही एकमेकांवर खूश झाले. मी विचारलं, ही बिघडली तर दुरुस्त कोण करतं? तो म्हणाला, मॅडम, ही बिघडतच नाही. त्या उत्तरावर मी उठायला हवं होतं. पण दोन महिने ऐकून ऐकून मी इतकी कावले होते की कुठलीही घ्या पण विषय संपवा, असं झालं होतं. विंच पोलादी दोराची होती. ती त्यांनी पुढच्या बंपरमागे बसवून दिली.

महिन्याभरानं ती वापरायची वेळ आली. गायींना लस टोचून मी परतत होते. त्या दिवशी हेही सोबत आले होते, कारण विंच चालताना त्यांना पाहायची होती. नाल्याच्या उताराला गाडी रुतली. समोर बांधावर एक जाड बाभूळ होती. शेताचे मालक आणि त्यांची बायको मक्यातून बाहेर येऊन पाहायला उभे राहिले. यांनी वहीतले नियम काढले. त्या दोघांना दोराच्या दुप्पट लांबीवर उभं केलं. गाडीतली गोधडी चिखलात भिजवून ताणलेल्या दोरावर टाकायला लावली. मालक हसले. मीही वैतागून म्हणाले की एवढ्या वेळात ट्रॅक्टर आला असता.

मी स्टिअरिंगवर, यांच्या हातात बटणाचा रिमोट, लांब वायर ओढून ते बाजूला उभे. त्यांनी बटण दाबलं. दोर ताणला, गाडी कुरकुरली आणि खरोखर हलली. एक हात, दोन हात. पुढची चाकं कडक जमिनीवर आली तसं मी हात वर केला, थांबा. ते म्हणाले, "सोडलंय बटण."

विंच थांबली नव्हती. मी ब्रेक दाबला तर दोर आणखी ताणला. ब्रेक सोडला तर गाडी सरळ बाभळीकडे निघाली. यांनी उलटं बटण दाबलं, काही नाही. रिमोट उपटून काढला, तरी दोराचा ड्रम फिरतोच आहे. विंचवरच्या विजेच्या डबीतून धूर यायला लागला. मी हँडब्रेक ओढला आणि उडी मारून बॉनेट उघडलं. बॅटरीची तार काढायला दहा नंबरचा पाना लागत होता आणि पाना सीटच्या मागे होता. तो घ्यायला मी दार उघडलं तेवढ्यात मागे बंदुकीसारखा आवाज झाला.

दोर तुटला होता. गोधडीनं त्याचा जोर खाल्ला, तरी त्याचं टोक गाडीवरून मक्यात गेलं आणि चार-पाच ताटं कमरेतून कापली गेली. बंपर पुढे वाकला होता. पाहणारे दोघं होते तिथेच उभे होते, दुप्पट अंतरावर. मालकांची बायको खाली बसली. यांच्या हातात तो उपटलेला रिमोट तसाच होता. मी त्यांना काय म्हणाले ते आठवत नाही. गोधडीवरून हसलेले मालक आता तीच गोधडी झटकून घडी घालत होते, जणू कुणाचं तरी पांघरूण आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावला गेलो. दुकानदारानं विंच खोलायला लावली. बटणानं चालणारी मुख्य डबी आतून ओली होती, तिच्यातले तांब्याचे तुकडे जळून एकमेकांना चिकटले होते. म्हणून बटण सोडलं तरी वीज बंद होत नव्हती. डबीच्या झाकणाला रबराची पट्टीच नव्हती. त्यानं ती डबी मला दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, यात पाणी गेलंय. तुम्ही ही चिखलात वापरलीत. वॉरंटीत बसत नाही."

मी विचारलं, मग कुठे वापरायची होती? तो यांच्याकडे वळून म्हणाला, सर, तुम्हीच समजावा. यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वही बंद केली आणि म्हणाले, "गाडी त्या चालवतात. उत्तर त्यांना द्या." त्यानं डबी मिटून विंच माझ्यापुढे सरकवली. पण एवढ्या महिन्यांत मला बरं वाटलेलं ते एकच वाक्य.

धुळ्याच्या एका कारागिराबद्दल मला एका दूधवाहतुकीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. हायवेपासून आत, पत्र्याच्या शेडमध्ये, रस्त्यावर उलटलेले ट्रक उचलणाऱ्या क्रेनची कामं ते करतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ते एका मोठ्या गिअरमधलं ग्रीस बोटानं काढून दिव्याकडे धरून पाहत होते. आमची विंच त्यांनी पाहिली, आकडा वाचला आणि बाजूला सारली. मग मलाच विचारलं, "ताई, माल भरीसन गाडीनं वजन कितलं शे?"

मला माहीत नव्हतं. यांनाही नव्हतं, दोनशे पानं भरूनही. नानांनी गाडी शेजारच्या वजनकाट्यावर पाठवली. औषधं, कृत्रिम रेतनासाठीची नायट्रोजनची टाकी, जनावर उभं करायचा लोखंडी सांगाडा धरून ती सव्वादोन टन भरली. परत आल्यावर दुसरा प्रश्न. शिवारात फसल्यावर दोर कशाला बांधता? मी म्हटलं, झाडाला. ते म्हणाले, आणि झाड नसलं तर?

आमच्याकडे बहुतेक वेळा नसतंच. कापसाच्या सपाट रानात चार एकरांत एक निंब असतो, तोही चुकीच्या कोपऱ्यात. हे मला रोज दिसत होतं आणि घरातल्या, दुकानातल्या इतक्या बोलण्यात एकदाही आलं नव्हतं. मला तिथेच स्वतःचा संताप आला.

नानांनी मग शांतपणे सांगितलं. आकडा असतो तो ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरल्यावरचा. दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. म्हणून गाडीच्या भरल्या वजनाच्या दीडपटीच्या थोडी वर विंच बस झाली, त्यापुढचं कामाचं नाही. वर एक कप्पी ठेवायची. दोर कप्पीतून फिरवून परत गाडीला अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि मोटरवर भार अर्धा. त्यांनी फळीवरून एक विंच काढली, आकडा जुनीपेक्षा बराच लहान. तिची डबी उघडून रबराची पट्टी दाखवली, आणि मागच्या खोक्यातून तिचे कार्बन ब्रश, डबी, गिअर काढून टेबलावर मांडले. म्हणाले, "बिघडी ते बिघडीच. पन सामान आठे शे."

यांनी दोराचा प्रश्न काढला. नाना म्हणाले कृत्रिम घ्या, पण दर वापरानंतर धुवा आणि झाकून ठेवा. आणि ड्रायव्हरच्या सीटजवळ बॅटरी तोडायचा मोठा खटका त्यांनी न विचारता बसवला. झाडाच्या प्रश्नावर त्यांनी मोडक्या नांगराच्या फाळाला साखळी जोडून दोर अडकवायला जमिनीत पुरायचा एक घडीचा आकडा करून दिला. ओढ आली की तो जमिनीत आणखी खोल जातो. आम्ही निघायच्या आधी त्यांनी शेडमागच्या चिखलात माझीच गाडी मुद्दाम रुतवली आणि रिमोट माझ्या हातात दिला. यांच्या नाही. मी दाबलं, थांबवलं, पुन्हा दाबलं. बटण सोडलं की विंच थांबत होती. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. मी तोंड धुवायला नळाकडे गेले.

पहिला खरा उपयोग आश्विनातल्या परतीच्या पावसात झाला. सपाट रान, झाड नाही. फाळ पुरला, कप्पी लावली, फाळाचा कोन किती असावा यावर आम्ही दोघं पावसात दहा मिनिटं भांडलो, आणि गाडी वीस मिनिटांत बाहेर आली. पुढे वस्तीवर पाय सुजलेली एक गाय वाट पाहत होती. आम्ही पोहोचलो तर निम्मं गाव गाडीभोवती जमलं. मी गाईच्या खुरात रुतलेला काटा काढत होते, दोनदा गरम पाणी मागितलं, कुणी हललं नाही. तिकडे हे बंपरपाशी उभं राहून दोराच्या थरांचं गणित समजावत होते, आणि ज्यांची गाय ते भाऊ सगळ्यांत पुढे उभे राहून ऐकत होते. शेवटी मी स्वतः उठले, चुलीकडे गेले आणि पाण्याचं पातेलं उचलून आणलं.